ब्लॉग काढा, चौकट आखा, गुण ४

महाराष्ट्रात ब्लॉग लिहायला काय लागतं? इंटरनेट? छे. पट्टी, पेन्सिल आणि पुरवणी. बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात लेखनकौशल्याच्या प्रश्नात परीक्षण, ब्लॉग किंवा आवाहन यांतलं एक काहीतरी लिहायचं असतं. शब्द १०० ते १५०, गुण ४, मुद्दे पेपरातच दिलेले. क्लासवाले पोरांना पढवून ठेवतात: आधी चौकट आखा, वर एक काल्पनिक पत्ता लिहा, त्याखाली 'होम', 'अबाउट', 'कॉन्टॅक्ट' असे तीन डबे काढा, मग तारीख, मग मथळा. डबे सरळ आले की परीक्षक प्रसन्न. त्या 'होम'वर कुणी बोट दाबून पाहिलं असेलच, तर फार फार तर शाई पुसली गेली असेल.

हसू नका. मंडळाने निदान तो शब्द पेपरात तरी आणला. नववी-दहावीला उपयोजित लेखन म्हणून पत्र, बातमी, जाहिरात असतं. त्यातही बातमी म्हणजे काय, तर शाळेत वृक्षारोपण उत्साहात संपन्न. रोपं आलीच नाहीत, प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले आणि तोवर पाचवीची दोन पोरं उन्हात चक्कर येऊन पडली, अशी बातमी लिहिणाऱ्याला किती गुण द्यायचे, हे कुठल्याही नमुना उत्तरपत्रिकेत नाही. तेव्हा 'उत्साहात संपन्न' पाठ करणंच शहाणपणाचं. हीच पोरं उद्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाटेल ते टाकतात तेव्हा आपण कपाळाला हात लावून विचारतो, यांना शाळेत कुणी शिकवलं नाही का? शिकवलं की! पाहिलेलं सोडून द्यायचं आणि शोभेल ते लिहायचं, हे दहा वर्षं नेमाने शिकवलं.

उमरोळीचं उदाहरण घ्या. पश्चिम रेल्वेवर पालघर आणि बोईसर यांच्या मधलं स्टेशन. मेल-एक्सप्रेस धुरळा उडवून निघून जातात, शटल आणि डहाणू लोकल थांबते. एका हाताला जिल्ह्याचं ठिकाण. जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, म्हणजे आज शाळेत बसलेल्या पोरांच्या आगेमागेच जन्मलेला. दुसऱ्या हाताला तारापूर एमआयडीसी, तिच्यापलीकडे १९६९ पासून वीज देणारं अणुऊर्जा केंद्र. वर डहाणूकडे वाढवण बंदर, शेतांतून बुलेट ट्रेनचे खांब. वर्गात एका बाकावर वाडवळी, दुसऱ्यावर मांगेली, तिसऱ्यावर वारली, चौथ्यावर कंपनीत कामाला आलेल्या बापाची भोजपुरी. पत्रकाराने जीभ चाटावी असा ऐवज खिडकीबाहेर पडलाय. आणि फळ्यावर विषय काय? 'मोबाइल : शाप की वरदान'.

पोरगी बिचारी लिहिते, मोबाइल हे दुधारी शस्त्र आहे, त्याचा सुयोग्य वापर ही काळाची गरज आहे. काळाला महाराष्ट्राच्या शाळांतून आजवर इतक्या गरजा कळवल्या गेल्यात की तो एव्हाना दिवाळखोर झाला असेल.

कधी कधी एखाद्या उत्साही शाळेचा खराखुरा ब्लॉगही निघतो. फीत कापून. पहिली पोस्ट मुख्याध्यापकांचे मनोगत, दुसरी संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो, तिसरी १५ ऑगस्ट. चौथी २६ जानेवारी. पुढे संगणकाचे सर बदलून जातात आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर जातो. मुलांचं लेखन? ते 'विद्यार्थी कट्टा' नावाच्या पानावर येणार होतं. पान तयार आहे, कट्टा रिकामा आहे.

जबाबदारी मात्र वेगळ्या खात्यातून शिकवली जाते. वर्षातून एकदा सायबर सुरक्षेचं व्याख्यान होतं. पोलीसकाका येतात, ४० मिनिटं बोलतात. अनोळखी व्यक्तीशी बोलू नका, फोटो टाकू नका, पत्ता सांगू नका, लिंकवर टिचकी मारू नका, आणि आक्षेपार्ह काही लिहू नका. काका चुकीचं काही सांगत नाहीत. फक्त 'मग लिहू काय?' हे कुणी विचारत नाही, कारण तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू होतं. नंतर सगळे मिळून शाळेच्या फाटकापाशी फोटो काढतात. मागे फ्लेक्स असतो: दहावीत प्रथम आलेल्या मुलीचा फोटो, तिचं संपूर्ण नाव, टक्के, राहणार अमुक पाडा, वडिलांचा व्यवसाय. वैयक्तिक माहिती, सहा बाय चार, चौरंगी. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा १८ वर्षांखालच्या मुलांची डिजिटल माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. फ्लेक्सवाल्याला तो लागू नसेल. पण तोच फोटो संध्याकाळी शाळेच्या पानावर चढतो, तेव्हा पालकांना विचारलं होतं का? विचारायचं कशाला, पालकांनी स्वतःच तो स्टेटसला ठेवलाय.

असो. पालघरात बसून हा विषय काढायचा आणि २०१२ ला वळसा घालून जायचं, हे काही खरं नाही.

१७ नोव्हेंबर २०१२, शनिवार. बाळासाहेब ठाकरे गेले. रविवारी अंत्यसंस्कार, मुंबई बंद, पालघर बंद. त्या दिवशी पालघरच्या २१ वर्षांच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. मतलब एवढाच की माणसं रोज जातात, जग चालू राहतं. आदर कमवावा लागतो, तो सक्तीने मिळत नाही. आणि आजचा बंद आदराचा नाही, भीतीचा आहे. तिच्या मैत्रिणीने ते 'लाइक' केलं. झालं. जमाव तिच्या काकांच्या अस्थिरोगाच्या दवाखान्यात घुसला आणि त्याने मोडतोड केली. बंद भीतीचा नाही हे पटवून द्यायची ही एक पद्धत. सोमवारी अटक झाली ती मुलींना. मैत्रिणीचा गुन्हा म्हणजे मुख्यतः अंगठा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ लागलं, जोडीला दंडविधानाचं आणखी एक. १५ हजारांच्या जामिनावर दोघी सुटल्या.

पुढचं सगळं जगाच्या डोळ्यांसमोर घडलं. ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि पालघरचे पोलीस निरीक्षक निलंबित झाले, जामीन देणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यांची बदली झाली, तोडफोड करणाऱ्यांपैकी काही जण पकडले गेले, मुलींवरचा खटला बंद पडला. ती धामधूम संपते न संपते तोच पालघरच्याच १९ वर्षांच्या एका मुलाला पोलीस घेऊन गेले. या खेपेला मजकूर राज ठाकऱ्यांबद्दल होता. चौकशीत निघालं की तो त्याने लिहिलाच नव्हता; त्याचं नाव दुसऱ्याच कुणी वापरलं होतं. पहिल्या प्रकरणात नाव खरं, दुसऱ्यात खोटं, आणि दोन्ही वेळा गाडी मात्र पोराच्या दाराशी.

दिल्लीच्या श्रेया सिंघल या तरुणीने हे पाहून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ ला न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांनी ६६-अ संपूर्ण रद्द केलं. त्या कलमात शिक्षा तीन वर्षांपर्यंतची, आणि गुन्हा काय, तर इलेक्ट्रॉनिक संदेशातून 'त्रास', 'गैरसोय' वगैरे होणं. गैरसोयीसाठी तुरुंग म्हटलं तर पश्चिम रेल्वेच्या इंडिकेटरपासून सुरुवात करावी लागली असती.

त्या निकालपत्रात नववीच्या पोरालाही कळेल असा एक भाग आहे. बोलण्याच्या तीन पायऱ्या न्यायालयाने वेगळ्या केल्या: चर्चा, कैवार आणि चिथावणी. चर्चा करा. एखाद्या मताचा कैवार घ्या, ते कितीही अप्रिय असो. कायद्याने हात घालायचा तो तिसऱ्या पायरीवर, जिथे बोलणं लोकांना दगड उचलायला लावतं. देशभरच्या विधी महाविद्यालयांत हा खटला शिकवतात. ज्या गावामुळे तो उभा राहिला तिथल्या एखाद्या शाळेत तो फळ्यावर आल्याचं माझ्या कानावर नाही. खरं तर तीन उभे रकाने आखायचे आणि पोरांना रोजच्या ग्रुपवरचे दहा मेसेज त्यांत बसवायला सांगायचं, एवढाच तास. पट्टी-पेन्सिल तयारच आहे.

आणि ६६-अ रद्द झाल्यावर मेलं म्हणता? २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला कळलं की देशभरातली पोलीस ठाणी त्याखाली अजून गुन्हे नोंदवताहेत. न्यायालय थक्क झालं. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याखालचे खटले काढून टाका म्हणून पुन्हा आदेश द्यावा लागला. म्हणजे अपडेट न करण्याची खोड फक्त शाळेच्या ब्लॉगला आहे असं नाही.

आता जबाबदारीचं माप लावून पाहू. त्या मुलीने स्वतःच्या नावाने लिहिलं. स्वतःचं मत मत म्हणून लिहिलं. शिवी नाही, कुणाला मारा म्हटलेलं नाही, आकडा खोटा नाही. जबाबदार लेखनाची कुठलीही गुणतालिका काढा, पास. त्या दिवशी नापास झाली ती मोठी माणसं: चार ओळी वाचून दगड शोधणारी, फिर्याद देणारी, ती लिहून घेणारी. पण धडा कुणाला दिला गेला? पालघर-बोईसरच्या घराघरांत आईबापांनी पोरींना सांगितलं, बाई गं, काही लिहू नकोस, नुसतं बघ.

हे 'नुसतं बघ' फार महागात पडतं. कारण माणूस नुसतं बघत नाही, पुढे ढकलतो. स्वतः लिहायचं तर नाव लागतं, ढकलायला नुसता अंगठा पुरतो. याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावात, १६ एप्रिल २०२० च्या रात्री काय झालं ते विसरण्यासारखं नाही. टाळेबंदी होती. गावोगाव रात्री चोर फिरतात, पोरं पळवणारे फिरतात अशा अफवा आधीचे काही दिवस तोंडोतोंडी आणि फोनोफोनी चालल्या होत्या. मुंबईहून सुरतेला अंत्यविधीला निघालेल्या दोन साधूंना आणि त्यांच्या गाडीच्या चालकाला जमावाने पोलिसांसमोर ठार मारलं. त्याआधी १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेने मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा बळी घेतला होता. चार ओळी नावानिशी लिहिणारी पोरगी दुसऱ्या दिवशी सापडली. या अफवांचं पहिलं वाक्य कुणी लिहिलं? त्याखाली नावच नव्हतं, सापडणार कोण?

म्हणून शाळांना माझं सांगणं एवढंच आहे: पोरांना लिहायला बंदी करून तुम्ही त्यांना गप्प बसवत नाही, निनावी करता. त्यापेक्षा लिहू द्या, पण नावाने, आणि बाईंच्या डोळ्यांखालून.

नाव म्हणजे आधारकार्ड नव्हे, हे लगेच सांगून टाकतो. पहिलं नाव आणि इयत्ता, बास. लिहिणारी कोण हे बाईंना माहीत असलं की पुरे. तिचा पाडा, तिची गाडी आणि क्लास सुटायची वेळ जगाला कळायचं कारण नाही. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांची मोठ्या समाजमाध्यमांवरची खातीच बंद केली, आणि आपल्याकडेही काहींना स्फुरण चढलं. बंदीचा फायदा असा की तिला शिक्षक लागत नाही. लिहायला शिकवायचं म्हटलं की लागतो.

कसं शिकवायचं? समजा, उमरोळीची एक पोरगी आहे, दहावीची. क्लासला बोईसरला जाते. तिने ब्लॉगसाठी लिहून आणलं: 'आमच्या भागात सगळीकडे भयंकर वास येतो. कंपन्या रात्री विषारी पाणी सोडतात. त्यामुळे लोक मरत आहेत. प्रशासन झोपले आहे.' नेहमीच्या बाई यावर काय करतील? 'पाणी'मधला णी तपासतील, शेवटी 'पर्यावरणाचे रक्षण करणे ही काळाची गरज आहे' हे जोडायला लावतील आणि लाल शाईत 'छान' लिहितील. त्याहून सावध बाई म्हणतील, अगं, हे नको, तुझ्या पप्पांची नोकरी तिथेच आहे ना? तू फुलपाखरावर लिही.

तिसऱ्या एखाद्या बाई असत्या तर त्यांनी समोर बसवून विचारलं असतं.

'सगळीकडे म्हणजे कुठे गं?'

'स्टेशनाबाहेर, बाई. रिक्षा स्टँडपाशी.'

'कधी?'

'क्लास सुटल्यावर. मंगळवारी खूप होता.'

'किती वाजता?'

'साडेसात... नाही, सव्वासात. शटल गेली नव्हती अजून.'

'पाणी सोडताना तू पाहिलंस?'

'नाही. सगळे म्हणतात.'

'सगळे म्हणजे किती? एकाचं नाव सांग. विषारी आहे हे कुणी तपासलं? आणि मेलं कोण?'

मेलं कुणी नाही. पोरगी खट्टू होते. पण पुन्हा लिहिते, आणि आता कागदावर हे येतं: 'मंगळवारी संध्याकाळी सव्वासात वाजता बोईसर स्टेशनाबाहेर रिक्षा स्टँडवर सडक्या अंड्यांसारखा वास येत होता. रिक्षावाल्यांनी तोंडाला रुमाल बांधले होते. एकाने सांगितलं, आठवड्यातून दोन-तीनदा असं होतं. मी गाडीत बसेपर्यंत वास होता.' दोन्ही मजकूर शेजारी ठेवा. पहिला वाचून कुणाचं काही बिघडत नाही, तो फलकावर रोज असतो. दुसरा वाचून बोईसरमधल्या एखाद्या साहेबाला खुर्चीत बूड सावरून बसावं लागेल. 'प्रशासन झोपले आहे' हे वाक्य गेलं, तरी प्रशासन जागं व्हायची शक्यता वाढली.

आता कंपनीचं नाव. पोरीला ते घालायचंच आहे, कारण वर्गातल्या अर्ध्या पोरांना 'माहीत' आहे ती कुठली. बाई म्हणतात, वास तुझ्या नाकाने घेतला, तो लिही. नाव तुझ्या नाकाने घेतलं नाही. बदनामीचा कायदा भारतीय न्याय संहितेत ३५६ व्या कलमात बसलाय. लोकहितासाठी सांगितलेलं सत्य हा त्याला पहिलाच अपवाद आहे, पण ते सत्य दाखवता आलं पाहिजे. मग काय करायचं? महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं तारापूरसाठी उपप्रादेशिक कार्यालय आहे. तिथे शाळेच्या ई-मेलवरून दोन प्रश्न पाठवायचे. उत्तर आलं तर छापायचं. नाही आलं तर तेही छापायचं: अमुक तारखेला विचारलं, अमुक तारखेपर्यंत उत्तर नाही. एवढं वाक्य पोराला लिहिता आलं की त्याला पत्रकारितेची पदविका द्यायला हरकत नाही. मोठमोठ्या वाहिन्यांना ते अजून जमत नाही. आणि मागचं वाचायला लावायचं: तारापूरच्या सांडपाण्याविरोधात अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादात गेली होती. खाडीत जाळं टाकणाऱ्यांनी कागदपत्रांची लढाई लढली. त्या समाजाची पोरं याच बाकांवर बसलीत आणि 'जलप्रदूषण : एक गंभीर समस्या' गाइडमधून उतरवताहेत.

भूकंपाचंही तेच. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत, धुंदलवाडीच्या आसपास जमीन हादरू लागली. लोक थंडीत घराबाहेर तंबूत झोपले. अशा वेळी 'आज रात्री अडीच वाजता मोठा धक्का, नासाचा इशारा' असा मेसेज येणारच, आणि धक्का म्हटला की त्याच्या शेपटाला तारापूरची अणुभट्टी येणारच. भूकंपाची तारीख आणि तास आधी सांगणं जगात आजवर कुणाला जमलेलं नाही, नासालाही नाही. झालेल्या धक्क्याची वेळ, तीव्रता आणि खोली मात्र राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या यादीत कुणालाही पाहता येते. ती यादी बघायची, मग लिहायचं. दोन मिनिटांचं काम. दुर्दैवाने 'सर्वांना पाठवा' हे दोन सेकंदांचं.

चित्रांचं काय? गूगलवरून उचलायची, अशी सर्वमान्य पद्धत आहे. शाळाही तेच करते; बोधचिन्हसुद्धा कुठल्या तरी परदेशी महाविद्यालयाचं असतं, मधलं घुबड काढून समई घातलेली. गूगल हे गोदामाचं फाटक आहे, मालक नव्हे, हे सांगायला हवं. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं लेखनाचा हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ उजाडलं तेव्हा त्यांचं लेखन सगळ्यांचं झालं. 'श्यामची आई'तलं हवं तेवढं ब्लॉगवर घाला. पण खाली नाव साने गुरुजींचं, स्वतःचं नव्हे. हक्क संपला म्हणून लेखक बदलत नाही. शालेय वार्षिकांकातल्या कवींनी हे जरा मनावर घ्यावं. पालकांनीही, कारण त्या कविता त्यांनीच शोधून दिलेल्या असतात.

वर्गातल्या कुणावर अत्याचार झाला, कुणी बालगुन्हेगार म्हणून पकडला गेला, तर त्याची ओळख पटेल असं काहीही छापणं हा गुन्हा आहे. बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलम तेच सांगतं. इथे 'पण सगळ्या गावाला माहीत आहे' चालत नाही. एवढा एक नियम मात्र न समजावता, दटावून सांगितला तरी चालेल.

साने गुरुजींचा विषय मघाशी निघालाच आहे तर थोडं थांबतो. अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहाचं काम बघताना ते मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक! हाताने लिहिलेलं. पुढे 'विद्यार्थी' मासिक काढलं. 'मुलांना लिहितं करा' असं परिपत्रक त्यांनी काढल्याची नोंद नाही; ते स्वतः रोज लिहीत होते. आज ज्या शिक्षकाने मुलांचा ब्लॉग सांभाळायचा, त्याने स्वतः शेवटचं काय लिहिलं? जनगणनेचा तक्ता, मतदारयादीची दुरुस्ती, पोषण आहाराचा हिशेब आणि सरल पोर्टलवर अपलोड. त्याला दोष देववत नाही. पण मुलांच्या लेखनाला रोज अर्धा तास द्यायचा, तर तो अर्धा तास कुठल्या तक्त्यातून काढायचा, हे शिक्षण खात्याने आधी सांगावं आणि मग 'नवोपक्रम' मागवावेत.

ब्लॉग सांभाळणं म्हणजे झेंड्याच्या दिवशी फोटो चढवणं नव्हे, चुकलेलं दुरुस्त करणं. पोरीने सव्वासात लिहिलं आणि शटल त्या दिवशी उशिरा धावत होती असं निघालं, तर पोस्ट गुपचूप बदलायची नाही. खाली ओळ घालायची: आधी वेळ चुकीची दिली होती, अमुक तारखेला दुरुस्त केली. पोरांना यात लाज वाटते, कारण उत्तरपत्रिकेत खाडाखोडीला गुण कापतात. ती लाज वर्षभरात गेली तरी बाईंनी खूप कमावलं. दहावीची तुकडी मार्चमध्ये गेली की चाव्या नववीकडे. पासवर्ड एका माणसाच्या डोक्यात नको, मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद पाकिटात हवा. नाहीतर पत्त्याची मुदत संपते, तो दुसराच कुणी विकत घेतो आणि 'ज्ञानदीप उजळू घरोघरी'च्या जागी ऑनलाइन रमीची जाहिरात झळकते.

राहता राहिले मुख्याध्यापक सर. सगळं ऐकून घेतल्यावर ते एकच प्रश्न विचारतात, आणि तो रास्त आहे: कुणाचा फोन आला तर? येणारच. सरपंचांचा येईल, कंपनीच्या पीआरओचा येईल, पक्षाच्या शाखेतून येईल, संस्थेच्या एखाद्या विश्वस्ताचाही येईल, कारण त्यांचा मेहुणा ठेकेदार असतो. २०१२ मध्ये त्या दोघींच्या आणि जमावाच्या मध्ये उभं राहायला कुणी नव्हतं. शाळेच्या ब्लॉगचा उपयोग असा की तिथे मध्ये एक टेबल असतं आणि टेबलामागे सर. सरांनी फोन करणाऱ्याला शाळेत बोलवावं, खुर्ची द्यावी, छापलेला मजकूर समोर ठेवावा आणि विचारावं, यात खोटं काय आहे ते दाखवा. दाखवलं तर त्याच संध्याकाळी दुरुस्ती, त्यांच्या नावासकट. नाही दाखवता आलं तर चहा पाजून पाठवून द्यावं. चहाचं बिल 'संगणक साहित्य' या शीर्षाखाली लावावं, ऑडिटवाले काही म्हणणार नाहीत.